गव्हाण्यांचं स्टेशन

गव्हाण्यांना कुणी पत्ता विचारला की ते उलट विचारायचे, "तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?" पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला उलट प्रश्न ऐकावा लागणं यात नवल काहीच नाही, समोरच्याचा सभ्यपणे अपमान करायची ती इथली जुनी रीत आहे. पण गव्हाण्यांच्या मनात तसलं काही नसे. आपण नक्की कुठे आहोत हे माणसाला एकदा कळलं, की जायचं कुठे ते त्याचं तो बघून घेतो, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्यांची नोकरीही तीच होती. आकाशातल्या वैमानिकाला 'तू माझ्यापासून अमुक दिशेला आहेस' एवढंच सांगणारं एक यंत्र त्यांनी जन्मभर सांभाळलं.

हे यंत्र येरवड्याच्या पलीकडे, विमानतळाच्या कुंपणाबाहेर, ज्वारीच्या रानात होतं. एक बैठी गोल खोली, तिच्यावर परातीसारखं पसरलेलं लोखंडी छत आणि छतावर गोलात मांडलेल्या पांढऱ्या टोप्या. कागदोपत्री ते व्हीओआर. गावातली पोरं त्याला 'गव्हाण्याची घुमटी' म्हणायची आणि आम्ही खात्यातली माणसं नुसतं 'स्टेशन'. त्यातून चहूबाजूंना रेडिओच्या लाटा जायच्या आणि त्यावरून विमानातली सुई वैमानिकाला दिशा सांगायची.

मी खात्यात नवीन लागले तेव्हा मला गव्हाण्यांच्या हाताखाली दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाराबाहेर बूट काढायला लावले. मी देवळातसुद्धा चपला चोरीला जातील म्हणून बाहेरूनच नमस्कार करणारी, त्यामुळे मला ते फारच वाटलं. "धूळ आत गेली की यंत्र शिंकतं," ते म्हणाले. मग त्यांनी मला कानाला लावायला हेडफोन दिला. टूं-टूं असा लांब-आखूड आवाज पुन्हा पुन्हा येत होता. ते स्टेशनचं नाव होतं. दर थोड्या वेळाने स्टेशन मोर्समध्ये स्वतःचं नाव सांगतं, आणि वैमानिकाने आधी ते ऐकायचं, मग सुईकडे बघायचं. दुरुस्ती चालू असली की आम्ही ते नाव काढून घेतो. तेव्हाही सुई हलू शकते, पण जे स्टेशन नाव सांगत नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, असा जगभरचा रिवाज आहे.

"सुई हलते म्हणजे खरं बोलते असं नाही, मॅडम," हे त्यांचं पहिलं वाक्य मला आजही त्यांच्या आवाजात आठवतं. ऑफिसात कुणी बदलीची, बढतीची कुजबूज घेऊन आलं, की ते शांतपणे विचारायचे, "नाव ऐकलंत का?" म्हणजे ही बातमी मुळात कुणाची, ते सांगा. हळूहळू त्यांच्याकडे कुणी बातम्या नेईना. त्यामुळे ऑफिसात काय शिजतंय हे सगळ्यांत शेवटी गव्हाण्यांना कळे, आणि याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

स्टेशनपासून थोड्या अंतरावर एक खांब होता. त्याच्यावरचं छोटं यंत्र सतत स्टेशनचंच बोलणं ऐकत असे. दिशा जरा जरी चुकते असं वाटलं, तर ते स्टेशन आपोआप बंद पाडायचं. गव्हाण्यांचा सगळ्यात लाडका तो खांब. चुकीची दिशा सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. "शंका आली की बंद," असं म्हणून ते खांबावर थाप मारायचे. असला एकेक खांब आपल्या साहेबलोकांच्या शेजारी उभा करता आला तर देशाचं कल्याण होईल, असं मी एकदा म्हणाले. ते हसले नाहीत. विचारात पडले.

आता कुणाला वाटेल, माणूस रुक्ष असणार. मुळीच नाही. एका उन्हाळ्यात वैमानिकांच्या तक्रारी यायला लागल्या, की एका बाजूने येताना सुई डुलते. आम्ही यंत्रातले भाग बदलून बदलून थकलो. गव्हाणे डोक्याला टॉवेल गुंडाळून रानात फिरायला निघाले. थोड्या अंतरावर एका घरी लग्न होतं आणि यजमानांनी हौसेने पत्र्याचा भलाथोरला मांडव घातला होता. त्या पत्र्यांवरून आमच्या लाटा परतत होत्या. मी म्हटलं, नोटीस काढू. गव्हाणे म्हणाले, लग्नघरी नोटीस? मग ते तिथे जाऊन ओट्यावर बसले, चहा प्याले, पुन्हा एकदा चहा प्याले, मुलाकडची चौकशी केली, आचाऱ्याला सल्ला दिला आणि मग हळूच विषय काढला. संध्याकाळपर्यंत पत्रे उतरून कापडी मांडव चढलेला होता. लग्नाला मला घेऊन गेले आणि आहेरही केला. "पाहुणचार घेतल्याशिवाय माणसाला नाही म्हणू नये," असं त्यांचं मत होतं. ज्या एका वेळी ते स्वतः या मताप्रमाणे वागले नाहीत, ती वेळ त्यांना भोवली.

वर्षातून ठरावीक वेळा एक छोटं विमान स्टेशनची परीक्षा घ्यायला यायचं. ते स्टेशनभोवती गोल घिरट्या घालायचं आणि आतला माणूस वरून खाली सांगायचा, अमुक दिशेला इतकी चूक, तमुक दिशेला इतकी. त्या दिवशी गव्हाणे कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. मुलगी दाखवायची असावी तशी त्यांची लगबग. दोन दिवस आधीपासून स्टेशनभोवतीचं गवत कापून घ्यायचे, छत पुसून घ्यायचे. हातात रेडिओ धरून उन्हात उभे राहायचे आणि वरून 'समाधानकारक' असा शब्द आला, की कपाळावरचा घाम पुसून खिशातून पेढ्यांचा पुडा काढायचे. पुडा आधीच आणलेला असायचा. आणि नापास झालो तर, असं मी एकदा विचारलं. "तर आपणच खायचे," ते म्हणाले.

गव्हाणे त्याच गावचे. स्टेशनच्या दारातून त्यांचं घर दिसायचं. चुली दोन, अंगण एक. थोरले निवृत्ती, धाकटे सोपान म्हणजे आमचे गव्हाणे. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्याने शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. गव्हाण्यांच्या बोलण्यात 'दादाने मला शिकवलं' हे वाक्य दिवसाआड यायचंच. आणि दुपार झाली, की बांधावरून निवृत्तीदादा फडक्यात भाकरी बांधून चालत यायचे. दोघे भाऊ छताच्या सावलीत बसून जेवायचे. दादा रोज एकच प्रश्न विचारायचे, "आज किती इमानं सांभाळली रं?" आणि गव्हाणे तोंडाला येईल तो आकडा सांगायचे. शहरात काटेकोर मराठी बोलणारा हा माणूस दादा दिसले की 'हाय-न्हाई'वर यायचा. त्यांना एकत्र जेवताना बघून मला माझ्या सख्ख्या भावाला फोन करावासा वाटे. करत नसे ते सोडा.

पुढे शहर विमानतळ ओलांडून गावात घुसलं. वाटण्या झालेल्या होत्या. स्टेशनलगतचं शेत दादांच्या वाट्याचं होतं. एका बिल्डरने त्यावर बारा मजली इमारत बांधायचं ठरवलं आणि अर्धा हिस्सा दादांना देऊ केला. जन्मभर ढेकळं फोडलेल्या माणसाला म्हातारपणी सुख दिसायला लागलं. फक्त उंचीसाठी खात्याची हरकत नसल्याचं पत्र हवं होतं. विमानं त्या बाजूने उतरत नव्हती. अडचण असली तर फक्त आमच्या स्टेशनची होती.

आमचे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी गव्हाण्यांना बोलावून सांगितलं, जागा तुमच्या भावाची आहे, मोजणीला मी दुसऱ्या कुणाला पाठवतो. गव्हाणे म्हणाले, "दुसऱ्याने नाही म्हटलं तर ठीक. पण दुसऱ्याने हो म्हटलं, तर लोक म्हणतील गव्हाण्यांनी म्हणवून घेतलं." आणि ते स्वतः गेले. मला सोबत नेलं.

तो दिवस मी विसरत नाही. तिपाईवर दुर्बीण लावून आम्ही शेताच्या चारी कोपऱ्यांतून कोन मोजत होतो. बांधापलीकडे घराच्या दारात दादा उभे होते. वहिनींनी दोनदा हाक मारली, भावजी, चहा टाकलाय, पावण्या बाईंना घेऊन या. ज्या माणसाने परक्याच्या लग्नघरी दोनदा चहा घेतला, तो तिथूनच हात जोडून म्हणाला, "आज नको वहिनी, कामावर हाय." ज्याचा अर्ज तपासायचा त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा त्यांचा हिशेब. मोजणी संपली आणि आम्ही घरावरूनच परत गेलो. दादा तोवर आत गेले होते.

उत्तर 'नाही' असंच आलं. चार मजल्यांच्या वर बांधकाम गेलं असतं तर लाटा वाकल्या असत्या, यात माझ्या मनातही शंका नव्हती. बिल्डरने पाठ फिरवली. चार दिवसांनी दादा ऑफिसच्या फाटकाशी आले. गव्हाणे लगबगीने बाहेर गेले, मीही मागोमाग गेले. दादा ओरडले नाहीत.

"न्हाई म्हणायला खात्यात दुसरा कुणी नव्हता का?"

"दुसरा आला असता तरी न्हाईच म्हणला असता, दादा."

"मंग येऊ द्यायचा हुता त्याला. त्याच्याशी भांडलो असतो. तुझ्याशी कसा भांडू?"

एवढं बोलून ते वळले. त्यानंतर ते गव्हाण्यांशी बोलले नाहीत.

मला वाटलं, महिनाभर चालेल. खेड्यातले रुसवे दिवाळीपर्यंत टिकतात आणि फराळाबरोबर विरघळतात, असं मी पेठेतल्या अज्ञानाने समजत होते. दिवाळीत गव्हाणे पाया पडायला गेले. दादांनी पाया पडू दिलं आणि एक अक्षर काढलं नाही. एकाच अंगणात दोघांची अंथरुणं वाळत, वहिनी भिंतीवरून वाटीतून कालवण देत, पोरं इकडून तिकडे जेवत. फक्त दोन भावांचं बोलणं बंद. दुपारी गव्हाणे स्वतःचा डबा आणायला लागले. जेवायला बसायचे ते मात्र बांधाकडे तोंड करून. मी एकदा न राहवून म्हणाले की तुम्हीच जाऊन बोला. तर ते म्हणाले, "रोज बोलतो ताई. सेट त्याचा चालू हाय, ऐकतोय तो. उत्तर तेवढं देत न्हाई." एव्हाना मॅडमची ताई झाले होते मी. आणि माझ्याशीही ते गावच्या भाषेत बोलायला लागले होते, बहुतेक दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून.

अशी वर्षं गेली. आसपास लांबवर उंच इमारती उठल्या आणि मधोमध दादांची ज्वारी तेवढी उरली. गव्हाण्यांना जगात एकच गोष्ट हवी होती. दादाने एकदा हाक मारावी. बढतीची ऑर्डर आली तेव्हाही पेढे वाटताना त्यांची नजर रस्त्याकडे होती.

मग उपग्रहांचं युग आमच्या दारात आलं. विमानांना दिशा आभाळातूनच कळायला लागली आणि जुनी स्टेशनं ठेवावीत की काढावीत, याची चर्चा सुरू झाली. आमचं स्टेशन बंद करायचा प्रस्ताव आला आणि त्यावर मत द्यायचं काम गव्हाण्यांकडेच आलं. स्टेशन गेलं तर वैमानिकांचं अडणार नाही, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. मला त्या दिवशी त्यांच्यापेक्षा दादांचाच विचार आला. स्टेशन गेलं की उंचीची अट जाणार. मी म्हटलं, आज घरी जा आणि दादांना सांगा.

ते म्हणाले, प्रस्ताव आहे, निर्णय नाही. उद्या वरून फिरला तर दादा पुन्हा आशेवर बसेल आणि पुन्हा मीच त्याला तोंडघशी पाडेन. आणि पक्कं होण्याआधी खात्याची गोष्ट घरी सांगणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. मी हरतऱ्हेने समजावलं. शेवटी मी चिडून म्हणाले, तुमच्या तत्त्वांपायी एकदा घर जाळलंत, आता राख तरी उकरू नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कळवायचं तर पक्कंच कळवायचं, ताई." सरकारी प्रस्तावाला पाय नसतात. तो निर्णयापर्यंत पोचायला एक गुढीपाडवा उलटून दुसरा आला.

हुकूम आला त्या दिवशी स्टेशन त्यांनीच बंद केलं. आधी नाव काढलं, मग वीज. हेडफोन कानाला लावून नाव खरंच थांबल्याची खात्री केली आणि तो गुंडाळून माझ्या हातात दिला. मला रडू आलं, त्यांना नाही. त्यांना घाई होती. भर दुपारी ते बांधावरून घराकडे चालत गेले, कुणी शाळेचा निकाल घेऊन जावा तसे.

काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दादा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. गव्हाणे समोर खाली बसले आणि सांगितलं, दादा, स्टेशन बंद झालं, आता हवी तेवढी उंच इमारत बांध. दादांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग कित्येक वर्षांनी भावाशी बोलले.

"तुला कधीपासनं ठाऊक हुतं?"

"गेल्या गुढीपाडव्यापासनं."

"शेत म्या मागल्या दिवाळीला दिलं."

त्याच बिल्डरच्या माणसाने शेतजमिनीच्या भावाने ते घेतलं होतं. असल्या गोष्टींचा वास त्या लोकांना कुठून लागतो देव जाणे. नातवाच्या शिक्षणाला पैसा हवा होता आणि इथे कधीच काही उभं राहणार नाही अशी दादांची खात्री झालेली होती. ती खात्री गव्हाण्यांनीच करून दिलेली. व्यवहार शहरात झाला, घरातही दादांनी कुणाला सांगितलं नाही, पीक काढेपर्यंत शेत दादांच्याच ताब्यात राहिलं, म्हणून बांधापलीकडे बसलेल्या भावाला पत्ता नव्हता. अबोला नसता तर अंगणातच कळलं असतं.

"येक शबुद टाकला असतास, सोपान," असं दादा म्हणाले आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.

मी गव्हाण्यांना विचारलं, तुम्ही 'कालच कळलं' असं का नाही सांगितलं? माझा प्रश्न त्यांना कळायलाच वेळ लागला. मग म्हणाले, "तसं म्हणायचं सुचलंच न्हाई." एवढ्या खऱ्या माणसावर रागवायचं कसं, हे मला आजपर्यंत जमलेलं नाही, आणि राग तर येतो. अजून येतो. नियम त्यांनी एकही मोडला नाही. दोन्ही वेळा बरोबर वागले, आणि दोन्ही वेळा त्याची किंमत दादांनी दिली. गव्हाण्यांच्या निरोपसमारंभात मला बोलायला सांगितलं होतं. सचोटी, निष्ठा असले शब्द ओठांवर आले आणि गिळावे लागले, कारण समोर पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारची खुर्ची त्यांनी रुमाल टाकून राखून ठेवली होती. ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. ऑफिसातल्या एका मुलीने त्या बाजूला घर घेतलं, तिच्या वास्तुशांतीला गेले होते. तिथे पोचल्यावर कळलं की दादांचं शेत ते हेच. बारा नाही, चांगले वीस मजले आहेत. इमारतीचं नाव अर्थातच इंग्रजी आणि आकाशाशी संबंधित. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला बिल्डरने शोभेसाठी एक जुना कडुनिंब ठेवलाय, त्याखाली सिमेंटचा बाक. बाकाच्या एका टोकाला निवृत्तीदादा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. दुसऱ्या टोकाला गव्हाणे. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा.

मी गव्हाण्यांजवळ गेले. ते वाळले होते. माझी, ऑफिसची, साहेबांची चौकशी केली. स्टेशनची नाही केली. दादा रोज संध्याकाळी इथे येतात, म्हणून आपणही येतो, असं म्हणाले. दादांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मी विचारलं, बोलतात का आता?

"न्हाई," ते म्हणाले. "पण मी आलो म्हणून उठूनबी जात न्हाई."

मी वर जाऊन प्रसाद घेतला, जेवले, घर बघून छान छान म्हटलं. गॅलरीतून खाली बघितलं तर दोघे तसेच. मी निघाले तेव्हा ऑफिसं सुटायची वेळ झाली होती आणि रस्ता गाड्यांनी भरून वाहत होता. दादा काठी टेकत उठले आणि पलीकडे जायला रस्त्याच्या कडेशी उभे राहिले. गव्हाणे घाईने उठले, त्यांच्या पुढे रस्त्यात उतरले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. एक टेम्पो करकचून थांबला, मागे मोटारसायकली थांबल्या, कुणीतरी शिवी दिली. दादा त्या मोकळ्या जागेतून सावकाश, एकेक पाऊल टाकत पलीकडे गेले. त्यांनी ना भावाकडे पाहिलं, ना गाड्यांकडे. पलीकडच्या गल्लीत वळून ते दिसेनासे झाले. तोवर गव्हाण्यांनी हात खाली घेतले होते, गाड्या सुटल्या होत्या आणि ते अलीकडच्याच कडेला, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभे राहिले होते.